देवी आलेलं लाकूड

अनसूया सुतारणीचं नाव निघालं की आमच्या जुन्या ओळखीतली माणसं आधी तिचा चेहरा सांगतात. "ती हो, तोंडभर देवीचे वण असलेली." मग तिचं काम, आणि तेही आठवलं तर. मला याचा इतका संताप येतो की मी समोरच्याला तिथल्या तिथे विचारते, "तिने तुमच्या घराची चौकट केली, ती अजून उभी आहे ना?" तो म्हणतो, आहे की. "मग चेहऱ्याचं काय घेऊन बसलात?" माणूस तेवढ्यापुरता ओशाळतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा चेहराच सांगतो. म्हणून आता मीच सांगून टाकते. वण होते. भरपूर होते. लहानपणी देवी आल्या, ती वाचली, धाकटी बहीण गेली. चेहऱ्याचं एवढंच. आता अनसूयेकडे वळू.

मी चिंचवडला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले तेव्हा पिंपरीकडे नुसती शेतं होती आणि त्यात नव्या कंपनीच्या भिंती उभ्या राहत होत्या. मला गावठाणात दोन खोल्या मिळाल्या त्या तात्या सुतारांच्या घराला लागून. मधली भिंत डोक्याएवढीच होती. माझ्या आमटीत भुसा पडायचा आणि त्यांच्या भांडणातलं अक्षर न् अक्षर माझ्या घरात ऐकू यायचं. घरात माणसं दोनच, तात्या आणि अनसूया. आई कधीच गेलेली.

तात्या पुढच्या ओट्यावर बसायचे. डोक्याला फेटा, मांडीवर लाकूड तासायचं हत्यार, वाकस, शेजारी पानाची चंची. गिऱ्हाईक आलं की बोलणी तात्यांशी. कुणाला जू हवं, कुणाला दाराची फळी, कुणाला पाट. तात्या मान डोलवायचे, "परवा न्या," म्हणायचे. आणि मागच्या अंगणात, पत्र्याच्या पडवीत, पदर कमरेला खोचून ते सगळं करायची अनसूया. कारण तात्यांचा उजवा हात कापायचा. चहाची बशीसुद्धा दोन्ही हातांनी धरावी लागे. लोक आले की तो हात उपरण्याखाली जायचा. गिऱ्हाइकाची चाहूल लागली की मागे करवत थांबायची, ते गेलं की सुरू व्हायची. अख्ख्या आळीला हे ठाऊक होतं आणि अख्खी आळी ठाऊक नसल्यासारखं वागायची. बाईच्या हातचं जू बैलाच्या मानेवर ठेवायला कुणी तयार नव्हतं ना! तात्यांच्या नावाचं मात्र चालायचं. बैलाला काही फरक कळत नव्हता, माणसांना कळत होता.

अनसूया साधीसुधी, गरीब गाय वगैरे मुळीच नव्हती. भांडकुदळ होती, गर्विष्ठ होती. तिला आपलं काम चांगलं असतं हे माहीत होतं आणि ते ती सांगायची. तिची पेन्सिल अंबाड्यात खोचलेली असायची. नवं लाकूड आलं की आधी हुंगायची, मग एक कुसळ काढून दाताखाली धरायची, आणि मग थुंकायची. थुंकण्याच्या पद्धतीवरून लाकूड पास झालं की नापास हे मला कळायला लागलं होतं. स्वयंपाकात मात्र तिचं लक्ष नव्हतं. दूध रोज उतू जायचं. तात्या ओरडायचे आणि ती म्हणायची, "दुधाला काय, उद्या म्हस पुन्हा देतीया. फळी पुन्हा कोण देनार हाय?"

हळदीकुंकवाला कुणाकडे गेली तर आत जायच्या आधी दार दोनदा हलवून बघायची. बसायला पाट दिला तर उलटा करून खालचा जोड बघायची. "कुणी केलाय ह्यो? कुऱ्हाडीनं केलाय का?" घरमालकीण तोंड फिरवायची. त्या बायकांचं काही चुकत नव्हतं, पण पाट खरोखरच कुऱ्हाडीने केल्यासारखा असायचा.

एकदा मी तिच्याकडे खिळा ठोकायला हातोडी मागितली. तिने दिली नाही. स्वतः आली, खिळा ठोकला, निघाली.

"हत्यार परक्या हातात देऊ न्हाई, बाई. धार बिघडती."

"हातोडीला कसली आली आहे धार?"

"हातोडीला न्हाई, पर मागनाऱ्याला सवय लागती." माझ्याकडे बघून हसली आणि गेली.

तिला बघायला आलेल्या पाहुण्यांची हकिगत मी स्वतः पाहिलेली आहे. कुरुळीचं स्थळ होतं, बिजवर, पदरात दोन मुलं. तिची आत्या मुद्दाम आली होती. तिने अनसूयेला आतल्या खोलीत बसवून चेहऱ्याला पावडर लावायला सुरुवात केली. एक थर, दुसरा थर. वण बुजेपर्यंत लावतच होती. आत्या कुंकवाचा करंडा आणायला वळली आणि हिने कोपऱ्यातल्या घागरीतलं पाणी घेऊन तोंड खसखसून धुतलं. तशीच, ओल्या चेहऱ्याने, पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली.

मुलाच्या आईने वरपासून खालपर्यंत बघितलं. बघायचं म्हणजे किती बघावं याला काही सुमार? बाजारात वांगी तरी इतकी उलटसुलट करत नाहीत. मग विचारलं, "सैपाक येतो का?"

"येतो, बेताचा," अनसूया म्हणाली. "तुमी बसलाय त्यो पाट म्या केलाय. डगमगतोय का?"

बाई गडबडून पाटावरून उठल्या. तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुणे गेल्यावर ते तिला म्हणाले, "अगं, बोलायचं न्हाई म्हनून किती बारी सांगितलं! आपल्या घरचं आपल्या घरात ऱ्हाऊ दे." ती पोह्यांच्या बशा गोळा करत म्हणाली, "तात्या, लगीन न्हाई झालं तरी चालंल. पर एकदा, एकदाच, तुमच्या तोंडानं बाहेर म्हना, की ह्ये माझ्या लेकीनं केलंय."

तात्यांनी चंची उघडली आणि सुपारी कातरायला घेतली. कातरता येईना, तेव्हा तिनेच त्यांच्या हातातून अडकित्ता घेतला आणि कातरून दिली. एवढंच तिला हवं होतं. दागिना नको, नवरा नको. बापाने एक वाक्य बोलावं. आणि तो चांगला माणूस, ज्याने तिला हौसेने रंधा धरायला शिकवलं होतं, त्याला ते एक वाक्य बोलता येत नव्हतं.

पुढे ते लाकूड आलं.

कंपनीत परदेशातून यंत्रं यायला लागली होती. खोकी फोडली की त्यातल्या फळ्या आणि खालचे जाड सोट सरपण म्हणून विकायचे. तात्यांचा पुतण्या नामदेव तिथे हेल्पर लागला होता. नामदेव गडी वाईट नव्हता, पण कंपनीत लागल्यापासून त्याच्या खिशाला दोन पेनं आणि बोलण्यात "आमच्या डिपार्टमेंटमध्ये" आलं होतं. तात्यांनी ठरवून टाकलं होतं की आपल्यामागे हत्यारं आणि धंदा नामदेवचा. येत्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा त्याच्याच हातून करायची, म्हणजे सगळ्यांना कळेल. रंधा धरता येत नसलेल्या माणसाला रंधा, केवळ तो पुतण्या म्हणून. मी हे ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं.

तर नामदेवने सरपणाची गाडी आणून टाकली. अनसूया सोट फोडायला बसली, तर कुऱ्हाड उसळून बाहेर आली. दुसऱ्यांदा मारली, पुन्हा तेच. ती थांबली, हुंगलं, कुसळ काढून चावलं. या खेपेला थुंकली नाही. सोट तसाच उचलून पडवीत नेला आणि वरची मळकी बाजू रंधून काढली. मला भिंतीवरून हाक मारली, "बाई, या बरं हिकडं."

आत पिवळसर पांढरं, गुळगुळीत, जड लाकूड होतं. आणि त्यावर सगळीकडे बारीक बारीक ठिपके. ठिपकेही नुसते नाहीत, प्रत्येकाभोवती एक वळसा, मधे काळसर बिंदू. घट्ट सायीवर मोहऱ्या विखुराव्यात तसं दिसत होतं. ती सोट तिरपा करायची तसे काही ठिपके उजळायचे, काही दडायचे. मी बोट फिरवलं. वाटलं होतं खळगे लागतील, पण पृष्ठभाग सपाट होता.

तात्या ओट्यावरून उठून आले, वाकून बघितलं आणि मागे सरले.

"देवी आल्यात या लाकडाला. चुलीत घाल."

अनसूयेच्या हातातला रंधा थांबला. "तात्या," ती म्हणाली, अगदी हळू म्हणाली, "मला घातलं व्हतं का चुलीत?"

तात्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. फेटा सारखा करत ओट्यावर जाऊन बसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी आजही शपथेवर सांगेन. आमच्या भागातल्या जुन्या सुतारांचा तसा रिवाजच होता. डोळे असलेलं, गाठीगाठीचं लाकूड पाळण्याला लावायचं नाही, लग्नाच्या पाटाला लावायचं नाही. नजर लागते. पण रिवाज म्हटला की विचार करायचं काम संपतं, याचाच मला राग आहे.

त्या लाकडाचं नाव आम्हाला पेंडसे साहेबांनी सांगितलं. हे कंपनीतले इंजिनियर, विलायतेत शिकून आलेले. क्वार्टर्सच्या दारं-खिडक्यांसाठी सुतार शोधत तात्यांकडे आले होते. पडवीत ते लाकूड दिसलं आणि बोलता बोलता थांबले.

"अरे! हे मेपल आहे. आणि हे असले डोळे! तिकडे याला पाखराच्या डोळ्यांचं मेपल म्हणतात. लोक जीव टाकतात यावर. यंत्राखाली कुणी घातलं कोण जाणे, कापणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल."

त्यांना त्याबद्दल बरंच ठाऊक होतं आणि सांगायचीही हौस होती. थंड मुलुखातलं झाड. कठीण इतकं की तिकडे नाचघरांच्या जमिनी त्याच्या करतात, लाटणी करतात, खाटकाचे ठोकळे करतात. याच जातीत काही झाडांना डोळ्यांऐवजी लाटा येतात, ते लाटांचं लाकूड फिडलच्या पाठीला वापरतात. आणि हे डोळे का येतात ते कुणालाही नक्की माहीत नाही. कुणी म्हणतं उन्हाची उपासमार, कुणी म्हणतं रोग, कुणी म्हणतं पाखरांनी टोचलेलं. यातलं काहीच सिद्ध झालेलं नाही.

अनसूया खांबाआड उभी राहून ऐकत होती. न राहवून तिने विचारलं, "झाड उभं असताना वळखता येतं का, सायेब?"

"बहुतेक वेळा नाही. बाहेरून चारचौघांसारखंच दिसतं. कापल्यावरच कळतं."

"आन् एका अंगानं चिरलं की नुसत्या रेघा, दुसऱ्या अंगानं डोळे. व्हय का न्हाई?"

"अगदी बरोबर. तुम्हाला कसं कळलं?"

तात्या खोकले. अनसूया आत गेली. पण पेंडसे बुद्धू नव्हते. त्यांनी तिच्या अंबाड्यातली पेन्सिल बघितली होती, तात्यांच्या उपरण्याची हालचाल बघितली होती. जाताना माझ्या दारापाशी थांबून म्हणाले, "काम मुलगीच करते ना?" मी म्हटलं, "हो. आणि उत्तम करते." ते म्हणाले, "वा!" हा "वा" लक्षात ठेवा.

त्यांनी तात्यांना सांगितलं, की खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा आहे, मोठे साहेब येणार आहेत. या लाकडाचा एक चौरंग करून द्या. तो मी साहेबांना दाखवतो आणि क्वार्टर्सचं काम तुम्हालाच मिळवून देतो. तात्या हरखून गेले. अनसूयेने रात्रीची भाकरीसुद्धा धड खाल्ली नाही.

आणि त्या लाकडाने तिला रडवलं. पिंपरीच्या आरा मशीनवर सोट चिरून फळ्या आणल्या. त्यावर नेहमीसारखा रंधा घातला तर डोळाच्या डोळा उपटून यायचा आणि मागे खळगा राहायचा. सागवानाला रेघ एका दिशेने जाते, तिच्या कलाने घेतलं की झालं. इथे प्रत्येक डोळ्यापाशी रेघ वळून स्वतःभोवती फिरते, मग कुणाच्या कलाने घेणार? एक फळी तिने अशी नासवली आणि ती अंगणात भिरकावून दिली. माझी मोरीची बालदी त्या फळीने चेपली. दुसऱ्या फळीला घाईत खिळा मारला, ती टोकापासून तडकली. मग ती दिवसभर कुणाशी बोलली नाही, माझ्याशी तर मुळीच नाही, कारण बालदी माझी होती.

मग तिने जम बसवला. पातं दगडावर इतकं घासलं की मनगटावरचे केस निघायचे. पात्याची जीभ अगदी जराशी बाहेर ठेवली, रंधा सरळ न चालवता तिरपा धरून ढकलायला लागली, फळी आधी ओल्या फडक्याने पुसून. जोडाला खिळा नाही, नुसती खाच आणि तीत बसणारं कुसू. आणि शेवटचा हात काचेचा. माझ्या कंदिलाची फुटलेली काच तिने मागून नेली आणि तिच्या धारेने फळी खरवडत बसायची. पिठासारखी बारीक भुकटी निघायची. "काच उपटत न्हाई," ती म्हणाली. "नुसतं कुरवाळती."

वर जवसाचं तेल दिलं तेव्हा मी तिथे होते. पांढरट लाकूड बघता बघता मधाच्या रंगावर गेलं आणि ते डोळे आतून वर आल्यासारखे उठले. आळीतल्या बायका बघायला जमल्या. एकीने "बाई गं, देवीचा कोप व्हईल" म्हणून हात जोडले, दुसरीने त्याच भीतीने चौरंगावर हळदकुंकू वाहिलं. अनसूयेने ते फडक्याने पुसून टाकलं. "हळद चढंल ना लाकडाला," म्हणून त्या बाईवर खेकसली. मग मान तिरकी करून चौरंगाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे बघितलं ते त्या कुरुळीच्या बाईला दिसायला हवं होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नामदेव बैलगाडीतून चौरंग कंपनीत घेऊन गेला.

खंडेनवमीला मी शाळेच्या मुलींना घेऊन कंपनीत गेले होते. त्यांना स्वागतगीत म्हणायचं होतं. शेडमध्ये यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या. तात्या नवा फेटा बांधून पुढच्या रांगेत. अनसूया बायकांच्या बाजूला, माझ्या शेजारी. तिने मला कोपराने ढोसलं, "चौरंग कुठं हाय?"

चौरंग समोरच होता. आम्ही ओळखला नाही. कारण तो हिरवा होता. यंत्रांना देतात तो हिरवा ऑइलपेंट, जाड, दोन हात दिलेला, कडेला ओघळ आलेले. अजून पुरता वाळलाही नव्हता. भटजींच्या सोवळ्याच्या काठाला हिरवा पट्टा उमटला होता आणि ते चिडून तो चोळत होते.

मी नामदेवला बाजूला घेतलं. "हे कुणी केलं?"

"म्याच," तो म्हणाला, आणि शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाला! "सुपरवायझर म्हनले, मोठे साहेब येनार आन् ह्ये डाग कसले? मशीनचा रंग उरला व्हता, मारून टाकला. आता बघा कसा मॅचिंग दिसतोय."

मॅचिंग! मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा बघितला आहे, पण हातात ब्रश घेऊन इतक्या निरागसपणे केलेला मूर्खपणा बघितलेला नाही. आणि पेंडसे? ते तिथेच उभे होते. त्यांनी चौरंग बघितला होता. मी त्यांच्याकडे रोखून बघितलं तेव्हा त्यांनी घड्याळात बघितलं.

पूजा झाली. मोठे साहेब तात्यांपाशी आले. "चौरंग तुम्ही केला का? मजबूत आहे. छान."

तात्यांनी डावा हात छातीवर ठेवून मान लववली. "व्हय सायेब. म्याच."

अनसूया माझ्या शेजारून उठली. बायकांच्या रांगेतून, माणसांमधून, सरळ पुढे गेली.

"सायेब, त्यो चौरंग म्या केलाय. आन् ह्यो रंग म्या दिल्याला न्हाई."

कुणीतरी हसलं. सुपरवायझर पुढे झाला. "चला बाई, बाजूला व्हा. बाईमाणसानं केलेल्या चौरंगावर पूजा झाली म्हणायचं काय?" भटजींनी लगेच कपाळाला आठ्या घातल्या, जणू ते रोज जेवतात ते बाईमाणसाने केलेलं नसतंच. मी उठून म्हणाले, "ती खरं बोलते आहे. मी स्वतः बघितलंय." सुपरवायझर मला म्हणाला, "तुम्ही मुलींकडे लक्ष द्या, बाई." माझ्या मुली तेव्हा माझ्याकडेच बघत होत्या.

मोठे साहेब गोंधळून तात्यांना म्हणाले, "अहो, काय आहे हे?" तात्या हात जोडायला गेले, दोन्ही हात उपरण्याबाहेर आले, आणि उजवा हात सगळ्यांसमोर लटलट कापायला लागला. त्यांना तो थांबवता येईना. शेडमधले सगळे त्या हाताकडे बघत होते. साहेबांनी पेंडशांकडे बघितलं. पेंडसे म्हणाले, "चौकशी करतो, सर."

चौकशी! ज्या माणसाने माझ्या दारात उभं राहून "काम मुलगीच करते ना" म्हटलं, "वा" म्हटलं, त्याला कसली चौकशी करायची होती? अडाणी माणसाने रंग फासला त्याला मी एक वेळ माफ करीन. ज्याला त्या लाकडाचं नाव, गाव, सगळं माहीत होतं आणि जो घड्याळ बघत उभा राहिला, त्याला माफ करायची माझी तयारी नाही, आज इतक्या वर्षांनीही नाही. क्वार्टर्सचं काम अर्थातच पुण्याच्या कुणा कंत्राटदाराला गेलं.

अनसूया मात्र वाद घालत उभी राहिली नाही. भटजींना म्हणाली, "देव उचला." उत्तरपूजा झालीच होती. भटजींनी गुपचूप देव उचलले. तिने चौरंग उलटा करून डोक्यावर घेतला आणि गेटातून बाहेर पडली. "कंपनीचा माल हाय," म्हणून नामदेव मागे धावला. ती वळून म्हणाली, "कंपनीचा फक्त रंग हाय. त्यो खरवडून धाडते."

पिंपरीपासून चिंचवडपर्यंत ती अशी चालत आली. मागून तात्या. दोघांमध्ये बरंच अंतर होतं.

दुपारी घरातली हत्यारांची पूजा होती. करवत, रंधा, वाकस, पटाशा धुऊन पाटावर मांडलेल्या, वर झेंडू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्यांची विश्रांती. नामदेव रेशमी कद नेसून हजर झाला. सकाळी जे घडलं त्याची त्याला बिचाऱ्याला नीट उमजच पडली नव्हती. आळीतले चार लोकही आले होते, पूजेपेक्षा गंमत बघायला.

अनसूया अंगणात बसली होती. पुढ्यात चौरंग, हातात काच. हिरवा रंग खरवडत होती.

"अनशे, आज काम करू न्हाई," पूजेसाठी आलेली आत्या ओरडली. "हत्यारं बसल्यात."

"काच हत्यार न्हाई," ती मान वर न करता म्हणाली.

रंग ओला होता, काचेखाली गोळा व्हायचा, चिकटायचा, चौरंग सरकायचा. पायाने धरावा तर देवाचा चौरंग, पाय कसा लावणार? तिची चिडचिड होत होती. डोळे भरून आले होते ते रंगाच्या वासाने असं ती नंतर मला म्हणाली. मी काही वाद घातला नाही.

"तात्या, चला, पूजेचा वकुत झाला," नामदेवने आतून हाक मारली.

तात्या दारात उभे होते. कितीतरी वेळ उभे होते. मग फेटा काढून खुंटीला लावला, अंगणात आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. दोन्ही हातांनी चौरंगाचे दोन पाय धरले. हात कापत होता, त्याबरोबर चौरंगही थोडा कापत होता. तिने वर बघितलं.

"घट्ट धरा," ती म्हणाली.

त्यांनी अंगाचं वजन टाकून धरला. चौरंग थांबला. नामदेवने आणखी दोनदा हाक मारली आणि मग कुणीच येत नाही बघून, घंटी वाजवून एकट्यानेच आरती उरकली. आळीतले लोक दारात उभे राहून बघत होते. तात्यांनी उपरणं घ्यायला हात सोडला नाही.

नंतर थोड्याच दिवसांत माझी तळेगाव दाभाड्याला बदली झाली. सामान गाडीत चढवून मी निरोप घ्यायला गेले. अनसूया पडवीत नव्हती. पुढच्या ओट्यावर, उजेडात, भर रस्त्यावर बसून कुळवाच्या दांड्याला रंधा मारत होती. तात्या तिच्यामागे भिंतीला टेकून पान चघळत होते. एवढ्यात महाळुंग्याचा एक शेतकरी मोडकं जू खांद्यावर घेऊन आला. जुनं गिऱ्हाईक. त्याने अनसूयेकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं, तिला वळसा घालून तात्यांसमोर जू टेकवलं.

"राम राम तात्या. जू मोडलं बघा. रब्बीच्या पेरनीच्या आत करून द्या."

तात्यांनी पिंक टाकली, तोंड पुसलं.

"मला काय सांगतोस?" ते म्हणाले, आणि कापणाऱ्या उजव्या हातानेच तिच्याकडे दाखवलं. "सुतार तिथं बसलाय."

शेतकरी हसला, मग हसायचं थांबला. अनसूयेचा रंधा मात्र थांबला नाही.

"ठेवा तिथं," ती म्हणाली. "आन् बैलाच्या मानेचं माप आनलंय का?"